मागच्या चाकांची परीक्षा

चाळिशी ओलांडली तरी घरात ती बेबीच होती, आणि त्या दिवशी बेबीच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. बंद पडलेल्या गाड्या ओढून आणणारी त्यांच्या गॅरेजची जुनी व्हॅन आदल्या दिवशी स्वतःच चिखलात रुतून बसली. एक मागचं चाक गरागरा फिरतंय, दुसरं ढिम्म. शेवटी पलीकडच्या गॅरेजवाल्याने येऊन ती ओढून काढली आणि वर तोंड भरून हसला. तेही बेबीने गिळलं असतं. पण बाबांनी सकाळी जाहीर केलं, की ती व्हॅन अशी रुतूच शकत नाही.

"तिच्यात लिमिटेड स्लिप आहे, एक चाक घसरलं तरी दुसरं ओढतं. मी माझ्या हातानं बसवलंय."

"बाबा, मी समोर उभी होते. एकच चाक फिरत होतं."

"मग तू नीट बघितलं नसशील."

आता याला काय म्हणायचं! बेबीने हातातला पाना आपटला. गॅरेज गेली कितीतरी वर्षं तीच चालवत होती, पण बाबांच्या लेखी ती अजून स्क्रू वेचणारी पोर होती.

थोरला भाऊ, म्हणजे दादा, गिऱ्हाइकांशी बोलता बोलता आत आला आणि त्याने तिला बाजूला घेतलं. "बघितलंस? नसलेल्या वस्तू दिसायला लागल्यात त्यांना. परवा त्या मास्तरणीच्या गाडीच्या चाकाचे नट आवळायचे विसरले. तू बघितलं म्हणून निभावलं. मी सांगतो, आज हे खोटं निघालं तर उद्यापासून बाबा घरी. गॅरेजची किल्ली माझ्याकडे."

बेबीला दादाचा राग आला, कारण तो खरं बोलत होता. बाबांना गॅरेजमधून काढायचं म्हणजे काय, हे दोघांनाही ठाऊक होतं. घरी ते खुर्चीत बसून भिंतीकडे बघत राहायचे. इथे निदान भांडायचे तरी.

"ठीक आहे," ती वैतागून म्हणाली. "एकदाचा सोक्षमोक्ष लावू."

तिने व्हॅनची मागची दोन्ही चाकं उचलली, खाली स्टँड लावले, गियर न्यूट्रलला टाकला, हँडब्रेक सोडला. बाबा स्टूल ओढून बसले आणि शिकवणी सुरू झाली, कुणी मागितली नसताना.

"साधा डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांमधला गोळा, लाड करतो. जे चाक घसरतं त्यालाच सगळी ताकद देतो, दुसरं बसतं उपाशी. लिमिटेड स्लिपमध्ये प्लेटा असतात, स्प्रिंगनं दाबलेल्या. एक चाक फार पळायला लागलं की त्या दुसऱ्यालाही सोबत ओढतात."

"माहितीये, बाबा."

"आणि हातानं एक चाक फिरवलं की दुसरं त्याच दिशेनं फिरतं. उलटं फिरलं तर साधा."

"माहितीये हो!"

तिने उजवं चाक पुढे फिरवलं. डावं निवांत मागे फिरलं.

दादाने घसा खाकरला.

"परत फिरव," बाबा म्हणाले.

तिने परत फिरवलं. परत उलटं. मग बाबा स्वतः उठले, स्वतः फिरवलं, आणि चाक उलटं गेल्यावर चाकाकडेच रागाने बघत राहिले. "गोळ्यावर बोल्टखाली एक पट्टी होती," ते म्हणाले. "त्यावर लिहिलं होतं, खास तेलच घाला म्हणून." बेबीने बॅटरी मारून बघितलं. पट्टी नव्हती. बाबांचा चेहरा इतका उतरला, की तिला त्यांचा आणखीच राग आला. हट्ट करायचा आणि वर असं तोंड करायचं!

"झालं ना?" दादा हळूच म्हणाला.

"नाही झालं," बेबी खेकसली. "प्लेटा पार झिजल्या असतील तरी चाक उलटंच फिरतं. उघडल्याशिवाय कळणार नाही."

हे ती बाबांसाठी बोलली की दादाची जिरवायला, तिलाच सांगता आलं नसतं. तिने खाली परात सरकवली, मागचं कव्हर सैल केलं. काळंकुट्ट तेल भदाभदा खाली आलं. चिंधीने पुसून तिने आत बॅटरी धरली. साधा डिफरन्शियल असता तर दोन दातेरी चक्रांच्या मधे आडवा दांडा सोडून काही दिसलं नसतं. इथे मधे जाडजूड स्प्रिंगा बसल्या होत्या.

"दादा!" ती ओरडलीच. "ये इकडे, बघ! आहे! बाबांनी सांगितलं तेच आहे!"

दादा वाकला, बघितलं आणि कान खाजवत राहिला. बेबीला आनंदाने नाचावंसं वाटलं. मग बाबा तिला बाजूला सारून पुढे झाले. त्यांनी बोट आत घालून प्लेटांच्या कडा चाचपल्या, परातीतलं तेल दोन बोटांत चोळलं, आणि एकदम भडकले.

"प्लेटा जळून काचेसारख्या गुळगुळीत झाल्यात! यात साधं गियर ऑइल घातलंय. वर्षानुवर्षं! वळताना कुरकुरायची ती यामुळेच. हिच्यात खास तेल लागतं, हे गॅरेजच्या भिंतींनाही माहितीये. कुठल्या गाढवानं घातलं हे?"

बेबी बघतच राहिली. त्या व्हॅनच्या तेलाला बाबांनी आजवर दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता. तिलाही नाही. दादाने तिच्याकडे बघितलं. त्यालाही ते माहीत होतं.

बाबा उत्तराची वाट बघत होते. त्यांच्या डोळ्यांत नुसता स्वच्छ, खणखणीत राग होता, संशयाचा लवलेश नव्हता.

"मी घातलं, बाबा," बेबी म्हणाली.

मग तिची जी खरडपट्टी निघाली! लक्ष कुठे असतं, एवढी वर्षं काय शिकलीस, माझं नाव बुडवशील. ती खाली मान घालून ऐकत राहिली. संतापाने तिचे कान तापले होते, आणि कुणावर संतापावं ते कळत नव्हतं. दादा खरं बोलून टाकेल, या भीतीने तिने त्याच्याकडे बघितलंच नाही.

"खरंच गं बेबी," दादा शेवटी घोगऱ्या आवाजात म्हणाला, "एवढंही कळत नाही तुला?"

"उद्यापासून तेलाला हात लावायचा तर आधी मला विचारायचं," बाबांनी बजावलं. "कळलं?"

"विचारीन," ती म्हणाली, आणि डोळे दिसू नयेत म्हणून व्हॅनखाली सरकली.