बारक्याचा सत्कार

“तुझा बाप एवढा प्यायचा, कधी बोलली नाहीस ते!” ओल्या चादरींचा गठ्ठा टेबलावर टाकत कामावरची जोडीदारीण म्हणाली.

थोरलीचा हात इस्त्रीच्या मशीनवरच थबकला. “कोण म्हणालं?”

“तुझा भाऊच की. काल टीव्हीवर सांगत होता. बाप दारूच्या नशेत बडवायचा, म्हणून तो गोल्फच्या मैदानावर पळायचा आणि तिथे लपूनछपून शिकला. आमच्याकडे सगळ्यांचे डोळे भरून आले गं.”

हॉस्पिटलच्या लाँड्रीत थोरलीला सगळे ‘वाफ’ म्हणत. तिच्या अंगावर कुणी आलं की पोळूनच परत जाई. पण त्या दिवशी तिने गठ्ठ्यातली चादर ओढली आणि ड्यूटी संपेपर्यंत इस्त्री करत राहिली.

बाप दारूच्या थेंबालाही कधी शिवला नव्हता. गोल्फ क्लबात तो कॅडी होता. दुसऱ्यांच्या काठ्यांनी भरलेली पिशवी खांद्यावर घेऊन त्यांच्यामागे चालण्यात त्याची उमर गेली. मैदान रिकामं असेल तेव्हा कुंपणालगत बारक्याला उभं करून, मागून त्याचे दोन्ही हात धरून, काठी कशी फिरवायची ते त्यानेच शिकवलं होतं. गवतात हरवलेले चेंडू शोधायला थोरली असायची. तोच बारक्या आता देशोदेशी खेळत होता, चषक जिंकत होता, आणि भिंतींवरच्या जाहिरातींतून हसत होता.

घरी येऊन तिने त्याला फोन लावला.

“अगं ताई, ते लोक म्हणाले, गोष्ट जरा साधी वाटतेय,” बारक्या म्हणाला. “त्यांनी थोडं वाढवलं, मी हो म्हटलं. एवढं काय त्यात?”

“वाढवायचंच होतं तर सासऱ्याला दारुडा करायचा होतास.”

“तू ना ताई, कशाचंही भांडण करतेस.” त्याने फोन ठेवला.

बापाने सगळं ऐकलं होतं. “जाऊ दे,” एवढंच म्हणून तो कूस बदलून झोपला.

पण लोक जाऊ देईनात. खालच्या मजल्यावरची बाई आपल्या नातीला त्याच्याकडे सोडायची, ती सोडेनाशी झाली. दुकानदार उगाच वास घेतल्यासारखं करू लागला. बापाने संध्याकाळचं फिरणं बंद केलं. खिडकीशी बसलेल्या बापाकडे पाहताना थोरली रोज नव्याने पेटून उठे. बारक्याला चारचौघांत उघडं पाडायचं, तेही त्याच्याच तोंडासमोर, हे तिने मनाशी पक्कं केलं आणि ती संधीची वाट बघत राहिली.

संधी त्याच क्लबाने दिली. बारक्याचा सत्कार ठरला आणि घरच्यांना बोलावणं आलं. बाप नको म्हणत होता. तिने त्याचा शर्ट कडक इस्त्री केला, स्वतःच्या हाताने बटणं लावली आणि त्याला घेऊन गेली.

सभागृह गच्च भरलं होतं. बारक्याचं भाषण झालं. निवेदिकेने थोरलीपुढे माईक धरून गोड आवाजात विचारलं, “ताई, अशा घरातून हा हिरा कसा घडला?”

थोरलीने माईक हातातच घेतला.

“खोटं आहे सगळं,” ती म्हणाली. “या माणसाने दारूला कधी हात लावलेला नाही. तुमची ओझी वाहून याने पोराला वाढवलं, खेळ शिकवला. आणि हा पोरगा टाळ्यांसाठी बापाला विकून बसला. विचारा त्याला. आता सांग म्हणावं माझ्याकडे बघून!”

बारक्याचा चेहरा पांढराफटक पडला. हाच चेहरा तिला बघायचा होता. कितीतरी दिवसांनी तिच्या छातीला गार वाटलं.

तेवढ्यात बाप उठला. त्याने तिच्या हातातून हळूच माईक काढून घेतला.

“पोरगी मला सांभाळून घेतेय,” तो म्हणाला. “बारक्या बोलला ते खरं आहे. मी प्यायचो. मारायचोही.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उठून उभे राहिले. म्हातारा किती मोठ्या मनाचा, असं कुणीतरी म्हणालंही.

“का असं केलंत, बाबा?” पायऱ्या उतरताना तिने दात आवळून विचारलं.

“मग काय, त्याला खोटारडा ठरू देऊ? माझं आता काय जायचंय?”

बाहेर हिरवळीवर खाणंपिणं सुरू झालं होतं. बारक्या त्यांच्यामागून आला आणि दोन पावलं अंतर ठेवून उभा राहिला. पिकल्या केसांचा एक वेटर ट्रेमध्ये दारूचे ग्लास घेऊन फिरत होता. बारक्याने एक उचलला. वेटर वळला, बापाला पाहून जागीच थांबला आणि त्याने ट्रे चटकन छातीशी ओढून घेतला.

“तुम्हाला नको, काका,” तो मायेने म्हणाला. “पाणी आणून देतो.”

“द्या,” बाप म्हणाला.

थोरली भावाकडे वळली. तिचा आवाज एकदम खाली आला होता.

“मान खाली घालू नकोस. बघ. नीट बघ.”

बारक्याने पाहिलं. हातातला ग्लास कुठे ठेवावा, ते त्याला कळेना.

पाणी आलं. बापाने ग्लास दोन्ही हातांनी घेतला, वेटरला “बरं झालं” म्हटलं, आणि लोक बघत असताना तो ते पाणी सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.