काही हरकत नाही

क्यूबच्या एका कोपऱ्याचा टवका उडाला होता, आणि त्या टवक्यातून आत रुतलेला खडीचा निळसर तुकडा डोकावत होता — हिम्मतराव कितीतरी वेळ त्या तुकड्याकडेच बघत बसले होते. सहा इंच लांब, सहा इंच रुंद, सहा इंच उंच असा काँक्रीटचा ठोकळा. निवृत्तीच्या दिवशी सरकारी प्रयोगशाळेतून आठवण म्हणून आणलेला. एरवी दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून तो उंबऱ्याशी पडून असे, आज मात्र टेबलावर होता, कॉलनीच्या अर्जावर वजन म्हणून. अर्जाखाली सगळ्या कॉलनीच्या सह्या होत्या आणि सगळ्यांत वरची, पहिली, त्यांची होती.

"तुम्ही नेमकं काय म्हणलात हो त्या पोराला?" तारामतीबाईंनी अंगणातून विचारलं. गुडघ्यांना तेल चोळून त्या उन्हात बसल्या होत्या, डिसेंबरात रोज बसायच्या तशा. "कालपासून जो तो मलाच विचारायलाय."

"काही नाही म्हणालो."

"काही नाही म्हणलात, का काही हरकत नाही म्हणलात?"

हिम्मतरावांनी दारातून अंगणात पाहिलं. बाईंच्या खुर्चीच्या पुढे फरशीवर त्यांनीच मागच्या महिन्यात खडूनं ओढलेली रेघ अजून पुसट दिसत होती. कॉलनीच्या उगवतीला, गुट्ट्याच्या म्हणजे खडकाळ टेकडीच्या अलीकडे, नऊ इमारती येणार होत्या. आधी बारा मजल्यांची परवानगी होती तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही, पण खड्डा खणून झाल्यावर कंपनीनं अडतीस मजले मागितले, आणि मग हिम्मतरावांनी नकाशे मागवून, सूर्य कुठल्या महिन्यात कुठे असतो ते बघून, सावली काढली; ती रेघ त्या सावलीचीच. थंडीच्या दिवसांत या अंगणात साडेअकराच्या आधी ऊन येणार नव्हतं. हैदराबादच्या बरकतपुऱ्यातलं घर भावांच्या वाटणीत गेल्यावर दिलसुखनगरच्याही पलीकडे, इतक्या लांब या रायगुट्ट्याला ते आले ते केवळ या उन्हासाठी — तेव्हा हे एक लहानसं गाव होतं, आठवडी बाजाराचं, आणि गुट्ट्यावरच्या एकावर एक तोललेल्या शिळा कुठल्याही खिडकीतून दिसत. कॉलनीत नकाशा वाचता येणारा माणूस एकच. म्हणून सगळ्यांनी त्यांनाच पुढे केलं, आणि त्यांनी...

त्यांनी काय केलं होतं? गेल्या सोमवारी ते खड्डा बघायला गेले होते, एवढंच. कंपनीचा इंजिनिअर मंदार पुण्याचा, तिशीचा, बोलायला गोड. त्यानं डोक्यावर पिवळी टोपी चढवली, "काका, इकडून या, जपून," म्हणत कडेला नेलं, आणि हिम्मतरावांनी खाली पाहिलं.

आता, टेबलाशी बसूनसुद्धा, ते सगळं डोळ्यांपुढे येतं. खाली, किती खाली, माणसं सळया बांधत होती आणि त्यांचे आवाज वर पोचतच नव्हते. डोक्यावरून क्रेनचा हात फिरत होता, काहीच घाई नसल्यासारखा, आणि त्याच्या टोकाला सळयांचा भारा झुलत होता. आणि दगड — इथला दगड म्हणजे वरून काळपट, पावसानं आणि शेवाळानं माखलेला, असंच मी जन्मभर समजत होतो, पण आतून तो गुलाबी होता. सरळ कापलेल्या त्या कड्यात गुलाबी, मध्येच करडी शीर, मध्येच अभ्रकाची चमक, आणि एका चिरेतून पाणी झिरपत होतं. मंदार म्हणाला, काका, हा खडक अडीचशे कोटी वर्षांचा आहे. अडीचशे कोटी वर्षं अंधारात राहिलेल्या दगडावर पहिल्यांदा ऊन पडलं होतं, आणि ते बघायला मी तिथे उभा होतो. हात जोडावेसे वाटले. खरंच वाटले, पण मंदार काय म्हणेल म्हणून खिशातच राहिले.

बत्तीस वर्षं त्यांनी क्यूब फोडले होते. अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचा, पुसून मशीनमध्ये घालायचा, कट् आवाज झाला की आकडा लिहायचा. कुठल्या धरणाचा, कुठल्या पुलाचा, ते डब्यावरच्या चिठ्ठीवर असे. त्यातलं एकही धरण त्यांनी पाहिलं नव्हतं. कुणी नेलं नाही, त्यांनीही म्हटलं नाही. आणि सोमवारी त्या कडेला उभं राहिल्यावर वाटलं की बत्तीस वर्षं आपण ज्याचा कोपरा हातात धरून बसलो होतो ते हे... एवढं मोठं होतं तर.

तेवढ्यात मागून एक डंपर गेला आणि चिखल उडाला. "सॉरी काका, पँट खराब झाली तुमची," मंदार म्हणाला. आणि लगेच, की त्याच्या आधी — "काय वाटतं काका, बघून?" हेही त्यानं विचारलं होतं. हिम्मतरावांची नजर खालीच होती. ते म्हणाले, "काही हरकत नाही."

काल कंपनीचं पत्र आलं. त्यात इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं की कॉलनीच्या तांत्रिक प्रतिनिधींनी जागेची पाहणी केली आणि आपला कोणताही आक्षेप नसल्याचं सांगितलं.

साडेदहाला हणमंतराव आले. ते कॉलनीचे सेक्रेटरी, बँकेतून निवृत्त झालेले, पटकन तापणारे आणि पटकन निवणारे. वाढीव मजल्यांवरची सुनावणी अकराला, बाजारामागच्या फंक्शन हॉलमध्ये होती. हिम्मतरावांनी ठोकळा बाजूला केला, अर्ज फाइलीत घातला आणि चपला सरकवल्या.

"मायकवर एवढंच सांगायचं," हणमंतराव चालता चालता म्हणाले, "मी चिखलाबद्दल बोललो. बस, खल्लास. लोक हसतील, पत्र फाटेल."

"हौ."

"त्या पुणेवाल्याला मराठी येत नाही काय? त्यानं जाणून लिहिलं."

हिम्मतराव चालत राहिले. मंदारनं जाणून लिहिलं असेल किंवा नसेल. त्याचा चेहरा वाचायला तो काही नकाशा नव्हता, पण त्या क्षणी माझा चेहरा ज्यानं पाहिला असेल त्याला दुसरं काय वाटणार? चिखल पँटवर होता, मी खाली बघत होतो, आणि खाली बघताना माझी काही म्हणजे काही हरकत नव्हती. ऊन नव्हतं आठवत, खडूची रेघ नव्हती आठवत, तारामतीचे गुडघेसुद्धा... चिखलाबद्दल बोललो हे खरं. आणि ते खोटंही आहे.

हा शब्द त्यांच्या वाट्याला दुसऱ्यांदा आला होता. पहिल्यांदा आला तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते आणि बरकतपुऱ्याच्या घरात वडील दोन दिवस बेशुद्ध पडून होते. वडील उर्दूत शिकलेले, कचेरीत मुन्शी; आई परभणीकडची, तीस वर्षं हैदराबादेत राहूनही तिची दखनी भाजीवाल्याच्या पलीकडे गेली नव्हती. सकाळी डॉक्टरसाहेब आले, मनगटावर बोटं ठेवून बराच वेळ बसले, आणि मान खाली घालून म्हणाले, "नब्ज में हरकत नहीं है, बीबी." नाडी चालत नाही. आईनं एवढंच ऐकलं — हरकत नाही. तिच्या जिवात जीव आला. तिनं पदर सावरला, देवाकडे बघून हात जोडले, आणि डॉक्टरांसाठी चहा टाकायला आत गेली.

हिम्मतरावांना दोन्ही भाषा येत होत्या. ते उंबऱ्यात उभे होते आणि त्यांना सगळं कळलं होतं. पण तिचा चेहरा असा उजळला होता की... चहा उकळेपर्यंत ते बोलले नाहीत. आतून आल्याचा वास आला, कपबश्या वाजल्या. तेवढा वेळ त्या घरात वडील जिवंत होते, आणि ते कुणी ठेवले होते तर मी. आई पुढे पंचवीस वर्षं जगली. त्या चहाबद्दल ती एका शब्दानं बोलली नाही, आणि त्यांनीही कधी विषय काढला नाही.

हॉल भरला होता. खुर्च्यांना लग्नाची पांढरी कापडं तशीच होती. स्टेजवर अधिकारी बाई, तेलुगू, चष्म्याच्या, चेहऱ्यानं दमलेल्या. उजव्या बाजूला कंपनीची माणसं आणि त्यांच्यात मंदार. त्यानं हिम्मतरावांना पाहून मान लववली. त्यात लबाडी दिसली नाही आणि संकोचही दिसला नाही. टेबलावर नऊ इमारतींचा पुठ्ठ्याचा नमुना होता, त्याच्या पायथ्याशी कॉलनी म्हणून हिरवा कागद चिकटवला होता, घरं नव्हती. हिम्मतराव त्याच्यावरून हात फिरवता फिरवता थांबले. इथेही आपल्याला पुन्हा तुकडाच दाखवायलेत, असं त्यांच्या मनात आलं.

नाव पुकारलं तेव्हा ते मायकशी गेले. बाईंनी पत्र वर धरलं आणि तेलुगू रीतीनं अदबीनं, गुरुजी म्हणावं तसं, विचारलं.

"पंतुलुगारू, इसमें तो आप का ऑब्जेक्शन नहीं है बोलके लिखे. है क्या, नहीं?"

समोरच्या रांगेतून हणमंतराव पँटकडे बोट दाखवत होते. चिखल, चिखल. किती सोपं होतं. एक वाक्य, थोडा हशा, आणि सगळे मोकळे. आणि खड्ड्यातलं ते गुलाबी ऊन पँटवरच्या डागाखाली कायमचं झाकलं गेलं असतं. चहा उकळत होता आणि कुणीतरी उंबऱ्यात गप्प उभं होतं.

"हरकत आहे," ते म्हणाले. मराठीतच निघून गेलं.

"क्या हरकत?" बाईंनी चष्मा वर केला. मागे कुणीतरी हसलं. हैदराबादेत हरकत म्हणजे खोडी, नाहीतर हालचाल, आणि अडुसष्ट वर्षांचा हा माणूस मायकवर कुठली खोडी कबूल करतोय, असं वाटलं असेल लोकांना.

"एतराज है मॅडम, लिखो," हिम्मतराव म्हणाले. "पण पहले मैं वहाँ क्या देखा वो बोलता. वो भी लिखना पडता. मैं देखा तो मेरे को हात जोडना दिसा."

हणमंतरावांचं बोट हवेतच राहिलं. मंदारनं मान वर केली आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर काय करावं ते न कळल्याचं दिसलं. बाईंनी कोऱ्या कागदावर पेन टेकवलं, पण ते पुढे सरकलं नाही — हे कुठल्या रकान्यात घालायचं हे त्यांना कळत नसावं, आणि खरं तर हिम्मतरावांनाही कळत नव्हतं. जे एवढं मोठं आहे, ज्याच्यापुढे आपल्याला हात जोडावेसे वाटले, त्यालाच नको म्हणायचं, आणि नको म्हणताना ते लहान आहे, वाईट आहे, असं खोटं सांगायचं नाही... असं कुणी करतं का? अंगणात या घटकेला तारामती उन्हात बसली असेल, रेघेच्या अलीकडे. ऊन तिचं होतं. आणि त्या दगडालाही अडीचशे कोटी वर्षांनी मिळालं होतं, अडतीस मजले चढले की त्याचंही जाणार होतं.

ते दगडापासून सुरू झाले. रंगापासून. मायकमधून स्वतःचाच आवाज परत येत होता आणि तो ओळखीचा वाटत नव्हता. फाइल काखेत दाबलेली होती, आणि उजव्या हाताची बोटं कधी डाव्या मनगटावर जाऊन बसली ते त्यांना समजलंच नव्हतं, पण बोलता बोलता तिथे बोटांखाली काहीतरी उडत होतं, भराभर, एकोणीस वर्षांच्या माणसाचं उडावं तसं, आणि हिम्मतराव ते मोजत नव्हते, नुसते ऐकत होते.