स्पॉयलरचा साचा

गेल्या वर्षापर्यंत कीर्तनाला वर्गात हजेरी द्यायचीसुद्धा लाज वाटायची. मग अकरावीत कुणीतरी तिला वादविवाद स्पर्धेला उभं केलं, ती चक्क जिंकली, आणि तेव्हापासून तिचं तोंड जे सुटलं ते सुटलंच. ऑटोवाल्याशी भाड्यावरून तीच बोलणार, मुलींना बास्केटबॉलचं ग्राउंड मिळावं म्हणून प्रिन्सिपलकडे तीच जाणार. चेन्नईत तांबरमच्या त्यांच्या अपार्टमेंटमध्ये पाण्याची मोटर बंद पडली तरी लोक म्हणायचे, कीर्तनाला सांगा.

तिच्या अप्पांचं नेमकं उलट. गिरीधर हा माणूस ऑफिसात भला, घरात भला, आणि थोरल्या भावापुढे तर इतका भला की विचारूच नका. शर्टाचं कापड कोणतं घ्यायचं हेही तो भाऊच, म्हणजे कीर्तनाचे राघोत्तम पेरियप्पा, ठरवायचे. घर कुठे घ्यावं, कीर्तनाने सायन्स घ्यावं का, सगळ्याला एकच उत्तर असायचं, "अण्णाला विचारून सांगतो."

पण एका रविवारी महाबलीपुरमहून येताना अप्पांना कुणाची तरी लाल गाडी दिसली. मागे हा एवढा उंच स्पॉयलर, पक्ष्याने पंख उचलावेत तसा. पुढचा सगळा रस्ता ते त्या गाडीच्या मागून चालवत राहिले. घरी आल्यावर पार्किंगमध्ये आपल्या जुन्या चंदेरी गाडीच्या डिकीवरची बोटभर उंचीची पट्टी कुरवाळत हळूच म्हणाले, "आपल्याला असा बसला असता, नाही का गं?"

अप्पांना काहीतरी हवं आहे हे कीर्तनाने जन्मात पहिल्यांदा ऐकलं होतं.

"बसला असता काय, बसवू या की," ती म्हणाली. "फायबरग्लासचा घरी करता येतो. मी करते. माझा शब्द."

"अण्णाला..."

"अप्पा. गाडी कुणाची?"

अप्पांनी पट्टीवरून पुन्हा बोट फिरवलं. मग म्हणाले, "माझी." म्हणताना त्यांचे कानसुद्धा लाल झाले होते.

कीर्तनाने व्हिडिओ पाहिले, ब्रॉडवे बाजारातल्या दुकानात जाऊन सामान आणलं, दुकानदाराला प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडलं. बेत असा होता: जुन्या स्पॉयलरवरूनच, म्हणजे त्या बोटभर पट्टीवरूनच, आधी साचा घ्यायचा, म्हणजे नवा नेमका त्याच जागी बसेल; उंची नंतर वर चढवायची. जुना काढला असता तर बरं झालं असतं, पण खाऱ्या हवेने त्याचे बोल्ट गंजून गेले होते. हात लावला तर तुटतील म्हणून साचा गाडीवरच घ्यायचा ठरला. आधी मेण घासायचं. त्यावर एक निळसर पाणी फासायचं, ते वाळलं की सायीसारखा पातळ पापुद्रा धरतं. या पापुद्र्यामुळेच साचा सुटून येतो. मग रेझिनच्या दाट द्रवात ते कडक करणारं हार्डनर घालून ब्रशने लावायचं, त्यात काचेच्या धाग्यांची मॅट भिजवत थरावर थर द्यायचे. घट्ट झालं की साचा अलगद उचलायचा आणि गाडी जशीच्या तशी.

काम रविवारी दुपारी काढलं. संध्याकाळी मैलापूरला मावसबहिणीचं रिसेप्शन होतं, अम्मा सकाळीच तिकडे मदतीला गेली होती. सात वाजता निघायचं, वाटेत शेजारच्या गल्लीतून पेरियप्पांना घ्यायचं. तोवर साचा हातात असणार याबद्दल कीर्तनाला तिळभर शंका नव्हती.

मेण झालं, निळं पाणी झालं. अप्पा पुठ्ठ्याने वारा घालत होते आणि चक्क गुणगुणत होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

"काय रे गिरी, काय चाललंय?" पेरियप्पांचा आवाज स्पीकर न लावताही पार्किंगभर ऐकू यायचा.

अप्पांना राहवलं नाही. सांगून टाकलं. 

"गाडीला शेपूट लावतोस या वयात? बरं, लाव. पण साडेचारला राहुकाळ लागतो. नवं काम त्याच्या आत सुरू कर. राहुकाळात हात लावू नकोस, सांगून ठेवतो."

"सरि अण्णा. सरि, सरि." अप्पा फोनवरच होकाराच्या माना डोलावत होते.

चेन्नईत राहुकाळ पाळत नाही असं घर शोधूनच काढावं लागेल, तेव्हा कीर्तनाला त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते पापुद्र्याचं. तिने कडेला बोट लावून पाहिलं. बोट निळं झालं. हवा अशी दमट की दोरीवरचा रुमाल वाळत नाही, हे कुठलं वाळणार?

"अप्पा, अजून ओलं आहे. तासभर तरी थांबू या."

"तासभर म्हणजे राहुकाळातच की."

"मग सहानंतर सुरू करू. किंवा पुढच्या रविवारी करू."

"अण्णाला मी हो म्हटलंय, कण्णा." लाडाने कण्णा म्हणत अप्पांनी मॅट उलगडायला घेतलीसुद्धा. "थोडं ओलं राहिलं तर काय होतंय? नि ते हार्डनर जरा जास्त घाल, म्हणजे लवकर आळेल."

प्रिन्सिपलशी वाद घालणारी कीर्तना तिथे ब्रश हातात धरून उभी राहिली. अप्पा पहिल्यांदाच इतक्या हौसेने काही करत होते, आणि त्या हौसेला नाही म्हणायला तिची जीभ वळेना. तिने हार्डनर घातलं. जास्तच घातलं.

पहिला थर ठीक बसला. दुसरा देताना मगातलं रेझिन जेलीसारखं थरथरायला लागलं. तिसऱ्याला ब्रशच मगात रुतून बसला. स्पॉयलरवर अजून हवेचे फुगे होते, मॅटची टोकं उभी होती, ती दाबून बसवायला हवी होती, पण दाबायला काही मऊ राहिलंच नव्हतं. अप्पांनी हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"तापलंय गं."

"तापतंच ते. आळताना तापतं," ती म्हणाली. पण इतकं तापतं हे तिला माहीत नव्हतं. नाक चुरचुरणारा वास सगळ्या पार्किंगमध्ये भरला. एका कोपऱ्यातून धुराची बारीक रेघ वर निघाली. थांबवायचं कसं? पुसून काढता येत नाही, खरवडता येत नाही. पाणी ओतलं तर ते वरच्या वर ओघळून गेलं. दोघं शेजारी शेजारी उभी राहून नुसती बघत राहिली. चूल असती तर विझवली असती, हे आतल्या आत पेटलेलं होतं.

थंड झाल्यावर तिने कडेला प्लास्टिकची पट्टी सारली. एका टोकाला टक् असा आवाज आला, साचा बोटभर उचलला गेला आणि त्याच्याबरोबर चंदेरी रंगाचा पापुद्राही. बाकी कुठे हलेना. ओढलं, ठोकलं, पाणी सोडलं. अप्पांनी टायरला पाय लावून जोर केला, तेव्हा आतून जुनी पट्टी चरकन तडकली.

"राहू दे," अप्पा म्हणाले.

"अप्पा, अजून एकदा..."

"राहू दे, कण्णा."

रेझिन फटीतही उतरलं होतं. डिकी उघडेना.

आंघोळ करूनही दोघांचे हात काचेच्या धाग्यांनी खाजत होते. गाडीच्या मागे पिवळट, केसाळ असा गोळा बसला होता, आणि तसंच निघावं लागलं. पेरियप्पा आपल्या दारात जरीचं धोतर नेसून उभे होते, पायाशी भेटीच्या समईचं खोकं. खोकं डिकीत ठेवायला ते मागे गेले आणि तिथेच थांबले.

"हे काय आहे?"

पेरियप्पांनी गोळ्याला बोट लावून पाहिलं.

"कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

"माझ्या," कीर्तना म्हणाली.

"माझ्या, अण्णा," अप्पा तिला तोडत म्हणाले. "ती नुसती ब्रश धरून होती."

"वाटलंच. उभ्या जन्मात एक गोष्ट स्वतःच्या मनाने केलीस, ती ही." पेरियप्पा हसले. वाईट हसले असंही नाही, लहान भावाला हसतात तसे. "उद्या राजगोपालच्या गॅरेजला ने. हे काढायला सांग, आधीचंही काढायला सांग. साधी डिकी असली म्हणजे झालं. आपल्याला कशाला हवी ही थेरं?"

"सरि अण्णा."

कीर्तनाच्या डोक्यात सगळं तयार होतं, मुद्देसूद, स्पर्धेत असतं तसं. ते ओलं होतं, मी थांबा म्हटलं होतं, घाई कुणाच्या फोनने झाली. तिने तोंड उघडलं. "पेरियप्पा, घाई कुणी..."

"कीर्तना. गाडीत बस."

अप्पांचा आवाज चढला नव्हता. पण त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिला कळलं, हे आत्ता बोललीस तर मला जपायला म्हणून बोलशील, आणि माझा उरलासुरला मानही जाईल. ती बसली. समईचं खोकं तिच्या मांडीवर आलं.

पेरियप्पा पुढे बसले आणि रिसेप्शनला कोण कोण येणार ते सांगत राहिले. अप्पा "हो अण्णा" म्हणत राहिले. क्रोमपेटपाशी बाइकवरची दोन मुलं गाडीशेजारी आली, मागे वाकून पाहिलं, एकमेकांना काहीतरी म्हणाली आणि हसत पुढे गेली. अप्पांनी एसी थोडा वाढवला.

गिंडीच्या सिग्नलला त्यांनी आरशात पाहिलं. कीर्तनाला वाटलं आपल्याकडेच बघताहेत, म्हणून तिने चेहरा सरळ केला. पण ते तिच्या डोक्यावरून मागच्या काचेत बघत होते, दिव्यांच्या उजेडात तो गोळा दिसत होता तिथे.

"पुढे बघ," पेरियप्पा म्हणाले. "हिरवा पडलाय."

अप्पांनी गाडी पुढे घेतली.