आडनावावरून भरलेला रकाना

सोलापुरात खोली शोधत होते तेव्हा प्रत्येक घरमालकाने तेच विचारलं. "बुद्धप्रिया, बरं. पण आडनाव काय?" आडनाव कळलं की माझी पुढची माहिती ते स्वतःच भरून टाकायचे. मग खोली नेमकी कालच गेलेली असायची. तो राग अजून उतरलेला नाही. म्हणून तर मी जे केलं ते मला माफ करता येत नाही.

मोहोळच्या अलीकडे एका खडकाळ माळावर छोटासा सरडा होता. वेगळी जात म्हणून त्याची नोंद नुकतीच झाली होती, दुसरीकडे कुठे तो सापडलाच नव्हता. तो तगेल की नाही, याचा अहवाल लिहायचं काम माझ्याकडे होतं. तक्त्यात एकच रकाना रिकामा राहिला: एका वेळी अंडी किती? अशा वेळी आम्ही प्राणिशास्त्राची माणसं वंशावळ काढतो. जवळच्या भाऊबंदांवरून कॉम्प्युटर अंदाज देतो. खाण तशी माती. बहुतेकदा तो बरोबरही निघतो. उत्तर आलं, अकरा. सोबत 'खात्री कमी' असा इशाराही होता, तो मी तळटीपेत ढकलला.

त्या माळावर मेंढरं चारणारे धुळामामा मला आधीच म्हणाले होते, "तीनच घालती की ती. लई येळा बघितलंय मी." याच मामांनी पहिल्या भेटीत आडनाव विचारलं नव्हतं, भाकर खाल्ली का ते विचारलं होतं. त्यांचे तीन मी वहीत लिहिले. पण तीन एका मेंढपाळाचे आणि अकरा नात्यातल्या नऊ जातींचे. मी रकान्यात अकरा भरले. आडनावावरून कुणाची माहिती भरू नये, हे मला तरी शिकवावं लागायला नको होतं.

अकरा अंडी म्हणजे भराभर वाढणारी जात, थोडंफार सोसेल. त्या आधारावर माळावर झाडं लावायला परवानगी मिळाली. ऐन अंड्यांच्या दिवसांत हाता-दोन हातांवर खड्डे निघाले.

दोन वर्षांनी पुन्हा गेले. चार दिवस दगड उलटे केले. एकही सरडा दिसला नाही.

निघताना धुळामामांनी कमरेची चंची सोडली. तंबाखूच्या शेजारी कागदाची पुडी होती, आणि पुडीत वाळून सुरकुतलेली अंडी.

"खड्डं काढताना घावली. तुमी येशीला म्हणून ठिवली. मोजा, ताई."

मोजायची गरज नव्हती. तरी मी मोजली. तीन होती.

"मी सांगितल्यालं तुमी ल्हिलं व्हतं न्हवं?"

"लिहिलं होतं, मामा. वहीत."

त्यांनी हायसं वाटून मान डोलवली.

"मग बरं. दोन वरीस वाटत व्हतं, माजंच सांगायचं चुकलं."