ॐ म्हणणारे सात मासे

"सासूबाईंच्या दम्याच्या पंपावर लक्ष ठेव," डॉक्टर सुचितांनी वैशालीला बजावलं होतं. "जरा बरं वाटलं की माणसं पंप सोडतात."

वैशाली हसली होती. "आई एक वेळ कवळी विसरतील, पंप नाही!"

तोच पंप आता कामोठ्यातल्या त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, मीनानंद महाराजांच्या टोपलीत पडला होता. सोबतीला इतरांचेही पंप. रांग थेट लिफ्टपर्यंत.

"सात नद्या, सात मासे!" महाराज पुढ्यातल्या माशांच्या टबावर हात फिरवत गरजले. "गंगा, यमुना, गोदा, नर्मदा, सिंधू, कावेरी, कृष्णा! मी हाक मारली, हे आले! ऐका ॐकार!"

त्यांनी घंटी वाजवली. सातही मासे वर आले आणि तोंडाचे गोल चंबू उघडू-मिटू लागले. हॉल गहिवरला. पंप वाहिला की दमा कायमचा जातो म्हणे. वाहणाऱ्याला प्रसाद म्हणून टबातलं चमचाभर पाणी आणि नद्यांची नावं लिहिलेल्या पुड्यांत प्रत्येक माशाचा एकेक खवला.

घरी सासूबाईंची, सरोजिनीबाईंची छाती घरघरू लागली. वैशालीनं धावत जाऊन नवा पंप आणला.

"नको गं. पंप घेतला तर सातही नद्या रुसतील."

"रुसू द्या, आपण टँकर मागवू! तुम्ही आधी श्वास घ्या!"

पण बाई हट्टानं उशांना टेकून बसून राहिल्या. वैशाली रोज त्यांचा श्वास मोजायची. खवले तिनं आपल्या मैत्रिणीकडे, संघमित्राकडे धाडले. ती नद्यांतल्या माशांच्या वंशावर संशोधन करायची.

तिचा फोन आला. "वैशू, पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए पिल्लाला फक्त आईकडून मिळतो. नदीतल्या रानमाशांत तो जागोजागी थोडा वेगळा असतो. तुझ्या सातांत अक्षराचाही फरक नाही!"

"म्हणजे?"

"एक-दोन जुळले असते तर योगायोग म्हटला असता. सातही? बहुतेक एकाच माउलीची पिल्लं. टाकीत वाढवलेली."

पुढच्या दर्शनाला वैशालीनं हे भर हॉलमध्ये सांगितलं. महाराज क्षणभर गडबडले, मग हसले. "अगं बाळे, नद्या बहिणी-बहिणीच ना! आई एकच!"

टाळ्या! वैशालीला रडू फुटायचं बाकी राहिलं. सासूबाई खुर्चीत वाकून धापा टाकत होत्या.

तेवढ्यात वैशालीच्या चार वर्षांच्या लेकीनं, क्षिप्रानं आपल्या तीनचाकी सायकलची घंटी वाजवली. ट्रिंग ट्रिंग!

सातही मासे वर. ॐ, ॐ, ॐ.

"दैवी बालिका!" महाराज ओरडले.

"आजी, त्यांना भूक लागलीय," क्षिप्रा म्हणाली.

वैशालीनं तिच्या डब्यातल्या पावाचा चुरा टाकला. मासे तो मटकावून खाली गेले. ॐकार बंद!

"घंटी वाजली की खाणं मिळतं, एवढंच शिकवलंय त्यांना!" वैशाली म्हणाली.

"आयला, मग माझा पंप?" मागून कोणीतरी ओरडलं. सगळे टोपलीवर तुटून पडले. महाराज टब तिथंच टाकून जिन्यानं पसार झाले.

वैशालीनं पर्समधला नवा पंप पुढे केला. सरोजिनीबाईंनी तो ओढला, थांबल्या, पुन्हा ओढला. बऱ्याच वेळानं घरघर ओसरली.

"नद्यांना सांग," त्या म्हणाल्या, "रुसायचं तर रुसा."

वाचकहो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी घंटी दुसऱ्यानं वाजवून बघावी. आणि तुमच्या घरात, शेजारी, दम्याचं कोणी असेल तर आजच जाऊन विचारा, पंप कुठाय? "आहे गं" म्हणाले तर ऐकू नका. म्हणा, दाखवा.