आंगवण कोणाची

हरमलच्या वाळूत शेवंतीच्या चपलेचा अंगठा तुटला आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

चप्पल तुटली म्हणून काही जग बुडत नाही. पण पन्नाशी उलटलेली, कपाळाला ठसठशीत कुंकू लावलेली बाई पदयात्रेच्या फलकामागून अनवाणी चालली आहे म्हटल्यावर पेडण्यातल्या माणसाला दुसरं काही सुचतच नाही. ही आंगवणच! आंगवण म्हणजे नवस. फलकावर मराठीत आणि कोंकणीत, दोन्ही भाषांचा मान राखून, ‘मनाच्या आजाराची लाज नको’ असं ठळक लिहिलं होतं. पण फलक वाचतो कोण? बायका तांब्या घेऊन बाहेर येत, शेवंतीच्या पायांवर पाणी ओतत, देणगीच्या डब्यात नोट टाकत आणि जवळ येऊन हळूच विचारत, ‘‘आंगवण कोणाची गो?’’

शेवंती हसून पुढे जायची. यात्रा नेणाऱ्या स्वातीला मात्र राहवत नसे. ‘‘काकी, हा नवस नाही, जनजागृती आहे, सांगा ना त्यांना.’’

‘‘तू सांग. माका आता बोलवत ना.’’

पदयात्रा स्वातीच्या संस्थेची. मोरजीहून निघून डिचोलीला पोचायचं, आणि जमतील त्या पैशांतून डिचोलीत एक केंद्र काढायचं. मनाने आजारी असलेल्यांनी दिवसभर तिथे यावं, काहीबाही काम करावं, चार माणसांत बसावं. पोरगी शिकलेली, कळकळीची, पण बोलणं सगळं पुस्तकातलं. तिने ‘नैराश्य’ म्हटलं की ऐकणारे घड्याळ बघत. म्हणून गावोगाव बोलायचं काम शेवंतीच्या गळ्यात पडलं होतं. ती उभी राहायची आणि सांगायची, ‘‘माझ्या वळखीची एक बाय आसा. तिचो झील शिकलो, नोकरेक लागलो, आनी एक दीस खोलीचें दार लावन बसलो. आता कोणाकडेन उलयना.’’ लोक कान देऊन ऐकत. एक-दोघी डोळे पुसत.

ओळखीची बाई ती स्वतःच, आणि कोणाशी न बोलणारा तो झील म्हणजे तिचा मुलगा साईश, हे सगळ्या यात्रेत एकट्या स्वातीला ठाऊक होतं.

शेवंतीच्या गावाच्या लेखी मात्र साईश बेळगावला होता. कारखान्यात, चांगल्या पगारावर. ही थाप तिच्या नवऱ्याची, गोकुळदासची. त्याचं तिठ्यावर भुसारी दुकान. गिऱ्हाइकाने विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेली आणि मग ती सांभाळणं आलं. ‘‘झाकली मूठ सव्वा लाखाची,’’ तो म्हणायचा. पण मूठ झाकून झाकून हाताला रग लागते, ते कोणी सांगत नाही. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, तर नुसता छळ. जगाच्या पाठीवर कुठेही असलेला गोंयकार चवथीला घरी येतो, मग साईशच कसा येत नाही? ‘रजा मेळूंक ना’ किती वर्षं सांगणार? एका चवथीला शेवंतीने म्हापशाला जाऊन बेळगावची मिठाई, कुंदा, आणला आणि ‘साईशान धाडलो’ म्हणून घरोघर वाटला. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

यात्रेत ‘स्वातीच्या मदतीक’ जायला गोकुळदासने परवानगी दिली, ती एका अटीवर. वाट आपल्या गावातून जाता कामा नये. शेवंतीची बहीण गंगा साईशपाशी येऊन राहिली. वाटही खरोखर बाहेरूनच जाणार होती. पण पेडण्यात कळलं, की मुक्कामासाठी ठरलेल्या शाळेत लग्नाचं वऱ्हाड उतरलंय. जवळ दुसरी सोय एकच होती, शेवंतीच्या गावातल्या देवळाची.

‘‘तुम्ही बोलू नका तिथे,’’ स्वाती म्हणाली. ‘‘मी बोलेन.’’

शेवंतीने मान हलवली. तळव्यांना फोड आले होते, कमरेत कळा येत होत्या, आणि त्याहून जास्त थकवा कशाचा होता ते तिचं तिला माहीत होतं.

दिवस कलताना यात्रा गावात शिरली. देवळासमोर गाव जमलं होतं. आपलीच शेवंती अनवाणी येते आहे म्हटल्यावर स्वातीचं भाषण कोणाला हवं होतं? तिने तोंड उघडलं न उघडलं तोच कृष्णनाथ पुढे झाला. गावचं गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. एकाने देवासमोर मागणं मोठ्याने मांडायचं आणि जमलेल्या गावाने दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ द्यायची, अशी इथली रीत.

‘‘आंगवण फेडून आयल्या तर गाऱ्हाणें घालूक जाय,’’ तो म्हणाला.

‘‘आजोबा, हा नवस नाही...’’ स्वाती म्हणाली.

‘‘तुमचो नसत, बाये. हिचे पाय बघ.’’ मग शेवंतीकडे वळून, ‘‘नांव सांग गो. बिननांवाचें गाऱ्हाणें देवाक पावना.’’

शेवंतीने वर पाहिलं. गोकुळदास खांबाशी उभा होता, दुकान टाकून आलेला. त्याने अगदी बारीक मान हलवली. नको.

अजून एक खोटं नाव घेणं काही कठीण नव्हतं. एखादी मावशी, एखादा भाचा. पण खोटं बोलायलासुद्धा अंगात बळ लागतं, आणि तिच्यात ते उरलं नव्हतं.

‘‘साईश,’’ ती म्हणाली. ‘‘माझो झील. तो बेळगावांत ना. घरांत आसा, मागच्या खोलीत. त्याचें मन दुयेंत आसा, आजारी आसा.’’

आता धरणी दुभंगेल असं तिला वाटलं होतं. कोणी चकितसुद्धा झालं नाही. बायांनी नुसत्या माना खाली घातल्या.

‘‘आमकां खबर आसा गो,’’ शेजारची पार्वती म्हणाली. ‘‘त्या कुंद्याच्या खोक्यार म्हापशाच्या दुकानाचें नांव आसलें.’’

‘‘आनी तूं कधी विचारलें ना?’’

‘‘विचारतलें कशें? तुमचो मान राखलो.’’

कोंबडं झाकून ठेवलं तरी उजाडायचं राहत नाही, आणि या गावात तर केव्हाच लख्ख उजाडलं होतं. शेवंतीला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तिला राग आला. इतका, की पायांची आग विसरली.

‘‘मान दारांत उभो रावलो, वयनी,’’ ती म्हणाली. ‘‘मनीस एक येवंक ना.’’

कृष्णनाथ खाकरला. ‘‘मागूं काय देवाकडेन? झिलाक बरो कर म्हणू?’’

‘‘तें डॉक्टर बघता. कोणेंतरी घरा येवचें, त्याच्यापाशीं घडीभर बसचें. इतकेंच माग.’’

म्हाताऱ्याने जोडायला उचललेले हात खाली घेतले. पाऊस मागावा, पीक मागावं, पोर मागावं, ते देवाने द्यायचं. हे मागणं देवाच्या हातातलं नव्हतं. जो ‘व्हय म्हाराजा’ म्हणेल त्यालाच ते द्यावं लागणार, आणि देवळासमोर दिलेला शब्द या गावात कोणी मोडत नाही. शेवटी त्याने हात जोडले.

‘‘बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेक चलून तुझ्या दारांत आयल्या...’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

‘‘तिचो झील साईश दुयेंत आसा...’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

‘‘ह्या गांवान तिच्या घरा वचचें, त्याच्यापाशीं बसचें, तशी बुद्ध आमकां दी!’’

सगळे गोकुळदासकडे बघू लागले. घर त्याचं, त्याने दार उघडलं तर जायचं. गोकुळदासने खांद्यावरचा पंचा काढला, तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिला.

‘‘व्हय म्हाराजा,’’ तो म्हणाला. आवाज दुकानात सुटे पैसे परत करतानाचा, इतकाच.

मग गाव म्हणालं. एका सुरात नाही. काही मोठ्याने, काही नाइलाजाने.

लोक पांगले तशी शेवंती पायरीवर बसली. गोकुळदास जवळ येऊन उभा राहिला. साईशच्या खोलीत ताट नेणं, गोळ्या देणं, सगळं तिचंच होतं. त्याने त्या खोलीचा उंबरा ओलांडून किती दिवस झाले, ते दोघांनाही आठवत नव्हतं.

‘‘लोक येतले,’’ तो म्हणाला. मग पायरीकडे बघत, ‘‘त्यांच्या पयलीं... मी भितर गेलो तर चलात काय त्याका?’’

‘‘माका नको विचारू,’’ शेवंती म्हणाली. ‘‘त्याका विचार.’’