उसना गडी

व्हर्ना हॉजेट्सने नखं घासायचा ब्रश मिठाच्या कोमट पाण्यात बुडवला आणि त्या तरुणाचा पाय ओढून आपल्या मांडीवर घेतला.

"दात आवळून धर," ती म्हणाली. "खडी आत राहिली तर महिनाभर ठणकत बसशील."

"धरलेत," रीस बॅनफिल्ड म्हणाला. पण गुडघ्यावर ब्रश फिरताच त्याच्या तोंडून जो शब्द बाहेर पडला तो ऐकून तो स्वतःच ओशाळला. "माफ करा हं, आजी."

"आजी कुणाला म्हणतोस रे? आणि ह्या बाकावर मी ह्याहून वाईट ऐकलंय. माझ्या सख्ख्या भावाच्या तोंडून."

पाण्यात बारीक राखाडी खडे उतरत होते, आणि त्यांच्यामागून रक्ताचे धागे. डनलीच्या मैदानावर गवत कधी धरलंच नाही. तांब्याच्या भट्टीच्या धुराने सगळे डोंगर बोडके केले, उरलीसुरली माती पावसाने खाली नेली, आणि मग कुणीतरी म्हणालं, खडीच पसरा. तेव्हापासून इथली पोरं खडीवर पडायला शिकतच मोठी होतात. बाहेरून येणारे संघ मात्र बसमधून उतरले की आधी ते मैदान बघतात आणि मग एकमेकांकडे.

रीस बाहेरचाच. पोर्ट हेरिकचा. सकाळी तो हेरिकच्या बसमधून हेरिकची पिशवी खांद्यावर टाकून उतरला होता, आणि आता डनलीची काळी-पांढरी जर्सी अंगात घालून डनलीच्या बाकावर बसला होता. ह्या दोन गोष्टींच्या मध्ये जे घडलं त्याचाच गलबला पलीकडे क्लबच्या दिवाणखान्यात चालू होता.

घडलं ते असं. ऑस्ट्रेलियन पद्धतीच्या फुटबॉलला संघात अठरा हवेत, आणि डनलीकडे चौदाच जमले. खाणीत पाळी बदलली, एकाची बायको बाळंत झाली, एकाने सरळ फोनच उचलला नाही. सामना सोडून द्यायची वेळ आली तेव्हा हेरिकचा प्रशिक्षक गॅव्हिन स्ट्रदर्स मैदानाच्या कडेने चालत आला आणि म्हणाला, "आमचे दोघं घ्या. सोळा-सोळा खेळू." व्हर्नाचा भाऊ एथल, क्लबचा अध्यक्ष, कानापर्यंत लाल झाला. "आम्हाला भीक नको," हे त्याच्या ओठांवर आलेलं व्हर्नाने पाहिलं. पण त्याआधीच कर्णधार टाय मॅक्शेन 'चालेल' म्हणून मोकळा झाला होता.

उसन्या दोघांपैकी एक पहिल्याच तासात पाय मुरगळून बसला. दुसरा हा. आणि अगदी शेवटी, डनली पाच गुणांनी मागे असताना, उंच आलेला बॉल ह्याने दोन माणसांच्या डोक्यावरून हवेतच झेलला, गुडघ्यांवर आपटला, आणि त्याच क्षणी खेळ संपल्याचा भोंगा वाजला. असा झेल घेतला की भोंग्यानंतरही तेवढी एक लाथ मारायला मिळते. मधल्या दोन उंच खांबांतून गेला तर सहा गुण. बाजूने गेला तर एक, आणि डनली हरणार. समोर खांबांपाशी हात वर करून उभे होते ते सगळे ह्याचे स्वतःचे सवंगडी.

बॉल खांबांच्या मधोमध गेला. पावसामुळे लोक मैदानाभोवती लावलेल्या गाड्यांत बसूनच सामना बघत होते; गोल झाला की हॉर्न वाजवायचा, ही रीत. पण त्या वेळी क्षणभर एकही हॉर्न वाजला नाही. दोन हिवाळे झाले, डनली जिंकली नव्हती. हॉर्न कशासाठी असतो तेच जणू लोक विसरले होते. मग कुठूनतरी एक वाजला, आणि मग सगळा डोंगर वाजायला लागला.

"दुसरा पाय," व्हर्ना म्हणाली.

रीसने मुकाट्याने पाय पुढे केला. दाराची फट उघडी होती. डनलीत एक जुनी पद्धत होती: जिंकल्यावर शेगडीपाशी उभं राहून ज्याने त्याने आज काय पाहिलं, ते सांगायचं.

बेकरीवाल्या लेनी बरिजचा आवाज आला. "मी काय पाहिलं सांगू? आपला टाय शेवटच्या तासात जेवढा धावला, तेवढा लग्नाच्या दिवशी चर्चमधून बाहेरसुद्धा धावला नव्हता!"

"धावला होता की," टायची बायको ओरडली. "मीच पकडून आणलं!"

हशा पिकला. मग डॉट क्रॅनी. तिचा बारीक आवाज सगळ्यांच्या वरून जायचा. "मला विचाराल तर आज मागची फळी. बॅरीच्या पोराला मी गेली दोन वर्षं लाकडाचा ओंडका म्हणत आलेय. आज म्हणते, ओंडका असावा तर असा! त्याच्यावर आपटून हेरिकवाले परत जात होते नुसते."

"आणि जिंकून कुणी दिलं?" कुणीतरी विचारलं. "उसन्या गड्याने. आपला विजय म्हणायचा का हा?"

"उसन्या साखरेचा चहा काय कडू लागतो?" डॉट म्हणाली. "पी मुकाट्याने."

इकडे रीसच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या होत्या. व्हर्नाने टॉवेलने त्याचे गुडघे टिपले आणि पट्टी कापायला घेतली. काल रात्रीपासून जे मनात डाचत होतं ते तिने पुन्हा बाजूला सारलं. सोमवारी क्लबची सभा होती. त्या सभेत क्लब बंद करायचा ठराव मांडायचा, असं एथलने ठरवलं होतं, आणि ते फक्त तिला ठाऊक होतं. स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता त्याने ते सांगितलं होतं, आज पाऊस येणार असं सांगावं तशा सुरात. "माणसंच नाहीत, व्हर्ना. माणसांवाचून कसला क्लब?" तिने वाद घातला नव्हता. चाळीस वर्षं ती ह्या क्लबच्या जर्सी धूत आली होती. दोरीवर किती कमी वाळत पडतात हे तिच्याइतकं कुणाला कळणार?

"एक विचारू?" ती म्हणाली. "लाथ मारायच्या आधी मनात आलं नाही, चुकवावी म्हणून? केवढा तिरका कोन होता. तुला कुणी काही बोललं नसतं."

रीस पट्टीकडे बघत राहिला.

"आलं," तो म्हणाला. "खोटं कशाला सांगू. समोर आमचा ब्रेट उभा होता, माझ्या नावाने ओरडत होता. म्हटलं, जाऊ दे बाजूने. संध्याकाळी ह्यांच्याच बसमध्ये बसायचंय. पण मग तुमचा कॅप्टन मागून आला. मला वाटलं, सांगणार आता, बाबा रे, कसंही कर पण मार. तो म्हणाला, 'बसेल नाहीतर नाही बसणार. तू आमच्यात खेळलास, मजा आली.' आणि गेला निघून." त्याने खांदे उडवले. "आता असं म्हटल्यावर चुकवायची कशी?"

व्हर्नाने गाठ जरा जास्तच घट्ट मारली. मग सैल केली.

"तिकडे तुला खेळवतात का रे नेहमी?"

"बाकावर बसवतात. मध्यंतराला सगळ्यांसाठी संत्री कापतो मी झकास."

ती हसली. तोही हसला. मग त्याने ओली जर्सी डोक्यावरून काढली, नीट उलटीची सुलटी केली आणि विचारलं, "धुऊन पाठवू का?"

"ठेव तिथे. धुणं माझं खातं आहे."

त्याने आपला हेरिकचा निळा स्वेटर चढवला. निळा रंग अंगावर आल्याबरोबर त्याचा चेहरा पुन्हा संध्याकाळच्या बसचा झाला.

बाहेर पडायचा रस्ता दिवाणखान्यातूनच होता. दार उघडून दोघं आत आले तशी कुजबुज थांबली. शेगडीपाशी आता एथल उभा होता. एथल हॉजेट्स डनलीसाठी अठरा हिवाळे खेळला होता, सगळे आपल्या खांबांपुढे उभं राहून, समोरच्यांचे गोल अडवण्यात. त्याची ढोपरं अजून करड्या डागांनी भरलेली होती. विजयानंतर तो कधी लांबण लावत नसे, आणि पराभवानंतर तर कुणाला सोडत नसे. लोक वाट पाहत होते. लेनीने ग्लास खाली ठेवला.

एथलने रीसला पाहिलं. निळ्या स्वेटरकडे पाहिलं. मग शेगडीकडे तोंड करून बोलला.

"लाथ मारणारा मारायच्या आधी कुठे बघतो, ते बघण्यात माझं आयुष्य गेलं. पाहुण्यांतला जो तो आमच्या ह्या मैदानावर आधी खाली बघतो. पडलो तर काय होईल, ते बघतो. ह्या पोराचे गुडघे फुटले होते, रक्त मोज्यात उतरत होतं. खाली नाही बघितलं त्याने. समोर त्याचेच दोस्त होते, त्यांच्याकडेही नाही. खांबांकडे बघितलं. ज्यांची जर्सी अंगात, त्यांचं काम. एवढंच पाहिलं मी आज. बाकी तुम्ही सांगितलंय."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. डॉटने नाक शिंकरलं. टाय मॅक्शेन कोपऱ्यातून उठला, रीसच्या मानेवर हात ठेवून त्याने त्याला गदागदा हलवलं आणि परत जाऊन बसला.

दारात गॅव्हिन स्ट्रदर्स उभा होता. कधीपासून, कोण जाणे. त्याच्या टोपीवरून पाणी ठिबकत होतं.

"चल रे," तो रीसला म्हणाला. "सगळे बसलेत." आवाजात राग नव्हता, दुसरंही काही नव्हतं.

रीस बाहेर पडला. एथल गॅव्हिनपाशी गेला. आजवर त्या दोघांनी हात मिळवले होते ते नाणेफेकीपुरते.

"तुम्ही माणसं दिलीत," एथल म्हणाला. एवढं बोलायलाही त्याला कष्ट पडले.

"होती म्हणून दिली," गॅव्हिन म्हणाला. "पुढच्या वेळी असतीलच असं नाही. दोघं मेलबर्नला चाललेत, एकाचं लग्न. आमच्याकडेही माणसं काही झाडाला लागत नाहीत, एथल." टोपी झटकून तो पावसात शिरला.

व्हर्ना आणि एथल दारातच उभे राहिले. बस समोरच होती, आतले दिवे लागलेले, काचा वाफेने धुरकटलेल्या. त्या धुरकट काचांतून त्यांना रीस मधल्या वाटेने चालताना दिसला. पुढच्या ओळीतल्यांनी खिडकीबाहेर बघितलं. नंतरच्या ओळीतला एक जण बुटाची नाडी बांधू लागला. जिथे जिथे एक जागा रिकामी होती, तिथे तिथे पिशवी ठेवलेली होती. रीस जवळजवळ शेवटापर्यंत गेला. थांबला. परत वळला.

"अरे देवा," व्हर्ना पुटपुटली. एथलने दाराची चौकट घट्ट धरली होती.

तेवढ्यात मागच्या ओळीतून एक आडदांड माणूस अर्धवट उठला. खांबांपुढे उभा राहून ओरडत होता तोच, ब्रेट. त्याने शेजारच्या सीटवरची पिशवी उचलली आणि स्वतःच्या मांडीवर घेतली. रीसकडे बघितलं नाही, काही बोललाही नाही. नुसती पिशवी उचलली. रीस बसला. बसची घरघर वाढली. पुढच्या सीटवरून कुणाचा तरी हात मागे आला आणि रीसच्या डोक्यावर एक टपली मारून गेला.

बस वळणावरून खाली उतरली, तिचे तांबडे दिवे झाडांआड गेले, तरी दोघं तिथेच होते. आत पुन्हा गलबला सुरू झाला होता. टायची बायको लग्नाची गोष्ट पहिल्यापासून सांगत होती.

"ऑगस्टात आपल्याला त्यांच्याकडे खेळायला जायचंय," एथल म्हणाला.

व्हर्नाने मान वळवली नाही. ऑगस्ट हा शब्द त्याच्या तोंडून तिने ह्या वर्षी पहिल्यांदाच ऐकला.

"त्या दिवशी त्यांची माणसं कमी पडली तर?" त्याने विचारलं.

"तर द्यावी लागतील आपल्याला," ती म्हणाली.

"द्यायला आधी आपल्याकडे हवीत ना."

"हवीत की."

एथलने खिशातून रुमाल काढला, चष्म्यावरचे थेंब पुसले आणि रुमाल तसाच हातात ठेवून बोडक्या डोंगराकडे बघत राहिला. पाऊस जरा उतरला होता. खडीवर ठिकठिकाणी तळी साचली होती आणि त्यांत क्लबच्या खिडक्या दिसत होत्या.

"काय ग," तो म्हणाला, "पोस्टात तो नवीन उंच माणूस आलाय ना, त्याचं नाव काय?"